मदत मागवत नाही, तर काय करू?

पत्र

मी ४८ वर्षांची आहे. नवऱ्याच्या आणि माझ्या नोकरीसाठी आम्ही नऊ वर्षांपूर्वी परक्या देशात आलो. वडील गेल्यावर आईला इकडे आणलं. तिला तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. मी आता अर्धा दिवस नोकरी करते, उरलेला वेळ आईचा. रात्री ती तीन-चार वेळा उठते. भाऊ तिसऱ्याच देशात असतो. पैसे वेळच्या वेळी पाठवतो, आठवड्यातून एकदा फोन करतो आणि ठणठणीत आहे. मला मात्र वर्षापूर्वी रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि सर्दी-खोकला महिना महिना पाठ सोडत नाही.

डॉक्टर म्हणतात, ‘ताण कमी करा.’ कसा, ते सांगत नाहीत. रुग्णालयात काळजीवाहकांची बैठक भरते, सगळे गोल बसून आपापलं दुःख सांगतात. मी दोनदा गेले. माझी पाळी आली की छाती धडधडायची. काहीतरी बोलायचे आणि मग रात्रभर वाटायचं, आपण आईला चव्हाट्यावर आणलं. नणंद रोज संध्याकाळी फोन करते. तिचा हेतू चांगला आहे, पण फोन ठेवला की डोकं ठणकतं. उलट शेजारी एक वयस्क बाई राहतात. त्यांची भाषा मला धड येत नाही, माझी त्यांना मुळीच येत नाही. कधी कधी दुपारी त्या येऊन आईशेजारी नुसत्या बसतात. त्या दिवशी मला हलकं वाटतं, का ते कळत नाही.

ताणाने खरंच शरीर आजारी पडतं की डॉक्टर हात झटकताहेत? भावाला काही होत नाही, मग मलाच का? आणि मैत्रीण म्हणते, ‘तू मदत मागत नाहीस, हाच तुझा आजार.’ मला खरंच मदत मागवत नाही. माझ्यात काही खोट आहे का?

एक वाचक

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा थांबले ती शेजारच्या बाईंपाशी. त्यांच्याकडे येतेच आहे, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांच्यापाशी आहे. पण आधी डॉक्टरांचा हिशेब चुकता करू.

‘ताण कमी करा’ हा सल्ला म्हणजे ‘जरा उंची वाढवा’ म्हणण्यातला प्रकार. समुपदेशनाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही तो सढळ हाताने वाटला आहे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचा वैताग ‘सहकार्य करत नाहीत’ म्हणून वहीत नोंदवलाही आहे. तेव्हा तुमचा राग रास्त. तरी डॉक्टर हात झटकताहेत असं मला वाटत नाही. आजाराचं कारण त्यांनी बरोबर सांगितलं, उपायापर्यंत पोहोचायच्या आत तुमची वेळ संपली.

‘धसका घेतला’, ‘हाय खाल्ली’, ‘झुरणीला लागली’ असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. मनाला बसलेला धक्का शरीरात उतरतो, हे त्यात गृहीतच आहे. प्रयोगशाळेला ते पटायला वेळ लागला. १९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकाने ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, अतोनात पळवा किंवा विषारी द्रव्य टोचा, छळ कोणताही असो, त्यांच्या शरीरात बिघाड ठरावीकच होतात, असं त्याला दिसलं होतं. मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी फुगतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात.

उंदीर राहू देत. तुमच्याच परिस्थितीतल्या बायकांवर झालेला एक प्रयोग आहे. १९९५ साली अमेरिकेत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका निवडल्या, आणि साधारण त्याच वयाच्या, तशाच आर्थिक परिस्थितीतल्या पण अशी जबाबदारी नसलेल्या आणखी १३. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी बारीक जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. शुश्रूषा करणाऱ्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. त्या नऊ दिवसांना ‘मनाचे खेळ’ म्हणता येत नाही.

हे घडतं कसं? मी ते उसनवारीसारखं समजून घेते. संकट दिसलं की मेंदू अॅड्रिनल ग्रंथींना कामाला लावतो. अॅड्रिनलिन नाडी आणि रक्तदाब चढवतं, कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवतं. ही जादा ताकद डागडुजीच्या खात्यातून उचललेली असते. पचन, जखमा भरणं, जंतूंशी झुंजणं, गाढ झोप ही कामं तात्पुरती मागे पडतात आणि संकट टळलं की उसनं फेडलं जातं. तासाभराच्या संकटाला ही व्यवस्था उत्तम आहे. तुमचं संकट तीन वर्षांचं आहे आणि रात्रीतून चार वेळा हाक मारतं. फेडायला सवडच नाही, उचल मात्र रोजची. अशा साचत गेलेल्या झिजेला ब्रूस मॅकएवन आणि एलिएट स्टेलर यांनी १९९३ मध्ये ‘अॅलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. तुमची सर्दीही याच हिशेबात बसू शकते. शेल्डन कोहेन यांनी १९९१ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घालून पाहिलं, तेव्हा ताण जितका जास्त तितकी सर्दी होण्याची शक्यता जास्त निघाली.

जाता जाता एक सांगते. ताणाने वाढलेला रक्तदाब हा काही लटका रक्तदाब नव्हे. गोळी चालूच ठेवा. आणि महिना महिना टिकणारा खोकला ‘ताणच असेल’ म्हणून अंगावर काढू नका, तो एकदा नीट तपासून घ्या. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो, हेही विचारून घ्या.

आता भाऊ. तो ठणठणीत आहे हे तुम्हाला फोनवरून कळलंय, आणि आठवड्याच्या फोनवर कुणी आपला रक्तदाब सांगत नाही. पण समजा, तो खरंच ठणठणीत आहे. तुम्ही दोघं एकच ओझं वाहताय, हेच मला मान्य नाही. तो फोन कधी करायचा हे तो ठरवतो. तुम्ही रात्री कधी उठायचं हे तुम्ही ठरवत नाही.

हा फरक किती खोल जातो, ते लंडनच्या सरकारी नोकरांनी दाखवून दिलं. १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सगळे पुरुष कचेरीत काम करणारे, सगळ्यांना कायमची नोकरी, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा. तरीही सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्यांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून अधिक निघालं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही बराच फरक उरलाच. १९८५ पासून मायकेल मार्मट यांनी स्त्रियांनाही घेऊन १०,३०८ जणांचा दुसरा अभ्यास सुरू केला. त्यात एक धागा हाती लागला. ज्यांच्या कामात त्यांच्या स्वतःच्या हाती फारसं काही नव्हतं, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता. ‘साहेबांना केवढा ताण असतो’ असं आपण म्हणतो, पण साहेबाला निदान ‘आज नको, उद्या बघू’ म्हणता येतं. शिपायाला ते म्हणता येत नाही. तुम्हालाही येत नाही.

आणि तुम्ही परक्या देशात आहात. पत्रात तुम्ही हे एका वाक्यात उरकलंत, मला ते उरकू द्यायचं नाही. जपानमध्ये राहणारे जपानी, हवाईत गेलेले जपानी आणि कॅलिफोर्नियात गेलेले जपानी यांची तुलना करणारा एक जुना अभ्यास आहे. हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत मधला, कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त. यात आश्चर्य नाही, खाणंपिणं बदललं असं कुणीही म्हणेल. पण मार्मट आणि लिओनार्ड साइम यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जपान्यांकडे आणखी जवळून पाहिलं. ज्यांनी आपल्या माणसांशी घट्ट वीण टिकवली होती, त्यांच्यातलं हृदयविकाराचं प्रमाण जपानइतकंच कमी होतं. जे त्या विणीतून पुरते सुटले होते, त्यांच्यात ते तिपटीपासून पाचपटीपर्यंत जास्त होतं. आहार, धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांतून या फरकाचा उलगडा होत नव्हता. स्थलांतर करताना सामानासोबत न आलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे न सांगता आपल्याला ओळखणारी माणसं.

ही तर आपण निवडलेल्या स्थलांतराची किंमत झाली. ‘तुम्ही इथले नाही’ असं रोज या ना त्या रूपाने ऐकावं लागणं हे वेगळंच ओझं असतं आणि तेही अंगात उतरतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पोस्टव्हिल नावाच्या छोट्या गावी मे २००८ मध्ये एका मांस प्रक्रिया कारखान्यावर स्थलांतर खात्याची मोठी धाड पडली आणि ३८९ जणांना पकडून नेलं. पुढच्या काही महिन्यांत त्या राज्यात जन्मलेल्या बाळांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या. लॅटिन अमेरिकी वंशाच्या आयांच्या पोटी कमी वजनाचं बाळ जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २४ टक्क्यांनी वाढला होता. गोऱ्या आयांमध्ये अशी वाढ नव्हती. यातल्या कितीतरी जणी अमेरिकेतच जन्मलेल्या, तिथल्या नागरिक. धाड त्यांच्यावर पडलीच नव्हती. जीव मात्र टांगणीला लागला होता.

म्हणून ‘मलाच का’ याचं माझं उत्तर असं. ताण शरीराला पोखरतो तो सगळीकडे सारखाच. २००४ चा ‘इंटरहार्ट’ अभ्यास ५२ देशांत झाला, हृदयविकाराचा झटका आलेले ११ हजारांवर रुग्ण आणि तुलनेला १३ हजारांवर इतर. ‘कायम ताणात असतो’ म्हणणाऱ्यांना झटक्याचा धोका सुमारे दुप्पट होता, मग खंड कोणता, वंश कोणता, बाई की पुरुष, याने फारसा फरक पडत नव्हता. ताणाची वाटणी मात्र सारखी नसते. तुमच्या घरात ती सरळसरळ झाली आहे: भावाकडे पैसे आणि फोन, तुमच्याकडे रात्री. यात तुमच्या स्वभावाचा कमकुवतपणा मला कुठे दिसत नाही.

आता मैत्रिणीचं वाक्य. ‘तू मदत मागत नाहीस, हाच तुझा आजार.’ हे अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं जरा दुष्ट आहे, न कळत असलं तरी.

खरं अर्ध आधी सांगते. माणसांचा आधार ही गोळ्यांच्या तोडीची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा कौंटीत १९६५ पासून जवळजवळ सात हजार प्रौढांचा पाठपुरावा झाला. लिसा बर्कमन आणि साइम यांनी १९७९ मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला: ज्यांची नातीगोती, मैत्री, मंडळं सर्वांत तुटपुंजी होती, त्यांचा नऊ वर्षांत मृत्यू होण्याचा धोका घट्ट गोतावळा असलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त होता. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टाड यांनी असे १४८ अभ्यास एकत्र केले, तीन लाखांहून अधिक माणसं. नाती घट्ट असणाऱ्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. सर्दीवाल्या कोहेन यांनी १९९७ मध्ये २७६ जणांवर पुन्हा तोच थेंबांचा प्रयोग केला. या खेपेला त्यांनी नात्यांचे प्रकार मोजले: जोडीदार, आईवडील, मित्र, शेजारी, सहकारी, एखादं मंडळ. सहा किंवा जास्त प्रकारची नाती असलेल्यांच्या तुलनेत एक ते तीनच प्रकार असलेल्यांना सर्दीचा धोका चौपट होता. मित्र शंभर आहेत की दहा, यापेक्षा माणूस किती वेगवेगळ्या भूमिकांत जगतो याला महत्त्व आलं. तीन वर्षांपूर्वी तुम्ही कोण कोण होतात, त्याची एकदा आठवण काढा. आज मुलगी आणि परिचारिका यांखेरीज काय उरलंय?

आता दुष्ट अर्ध. आधार हवा असेल तर मागायला हवा, तोंडाने बोलायला हवं, मन मोकळं करायला हवं, हे सगळ्या मानवजातीला लागू पडणारं सत्य असल्यासारखं सांगितलं जातं. तसं ते नाही. २००७ मध्ये शेली टेलर, डेव्हिड शर्मन आणि हीजंग किम यांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला. गोऱ्या अमेरिकी आणि आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांना भाषण करणं, तोंडी गणितं सोडवणं अशी घाम फोडणारी कामं दिली. त्याआधी काहींना सांगितलं, एखाद्या जवळच्या माणसाला पत्र लिहून आधार आणि सल्ला मागा. इतर काहींना सांगितलं, तुमच्या जिव्हाळ्याच्या माणसांचा नुसता विचार करा आणि ती तुम्हाला का महत्त्वाची वाटतात ते लिहा, मागू काही नका. मग लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांना आपल्या माणसांच्या नुसत्या आठवणीने उतार पडला. मदत मागणारं पत्र लिहिण्याने त्यांचा ताण उलट चढला. गोऱ्या विद्यार्थ्यांचं चित्र याच्या उलटं होतं.

एका प्रयोगावरून ‘आशियाई माणसं अशीच’ असा शिक्का मी मारणार नाही. माझ्यासमोर बसून घडाघडा बोलून हलक्या झालेल्या मराठी बायका मी पुष्कळ पाहिल्यात, आणि गोऱ्यांतही भिडस्त माणसं असतातच. पण त्या गोल बैठकीत तुमची छाती का धडधडली, हे मला या प्रयोगामुळे कळतं. मागण्याला एक किंमत असते आणि ती आपल्या भाषेत एका शब्दात सांगता येते: मिंधेपण. ज्या घरात ‘कुणाच्या उपकारात राहू नये’ हे ऐकत माणूस वाढतो, तिथे मदतीसोबत मिंधेपणाचं ओझंही घरी येतं. मग हिशेब तोट्याचा होतो. आईची गोष्ट चारचौघांत सांगताना तुम्हाला तर दोघींचं मिंधेपण वाहावं लागलं, तुमचं आणि तिचं.

मिंधेपण फक्त आपल्याकडेच असतं असंही नाही. नायल बोल्जर यांनी २००० साली अमेरिकेतल्या काही जोडप्यांच्या रोजनिशा तपासल्या. जोडप्यातला एक जण वकिलीच्या परीक्षेला बसणारा. दोघांनी रोज लिहायचं: आज मी आधार दिला का, आज मला आधार मिळाला का. सर्वांत चांगले दिवस कोणते निघाले? जोडीदार म्हणतो ‘आज मी आधार दिला’ आणि परीक्षार्थीला त्याचा पत्ताच नाही, असे. आधार मिळाल्याचं लक्षात आलं की त्याच्यासोबत ‘आपल्याला जमत नाहीये’ ही जाणीवही येते. न कळलेल्या आधाराला ही किंमत पडत नाही.

माझ्या नवऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी निदान दहा जणांनी मला म्हटलं, ‘काही लागलं तर सांग हं.’ मी कुणालाही काहीही सांगितलं नाही. हे वाक्य प्रेमळ आहे, पण ते काम आपल्याच गळ्यात घालतं: काय लागतंय ते शोधा, कोणाला सांगायचं ते ठरवा, भीड मोडा, फोन लावा. एक सहकारी मात्र न विचारता आला आणि बाहेरच्या बाकावर चार तास पुस्तक वाचत बसला. आमच्यात पाच वाक्यंही झाली नसतील. त्या दिवसातलं मला बाकी काही आठवत नाही.

तर, शेजारच्या बाई. त्या काही विचारत नाहीत, त्यामुळे तुम्हाला काही सांगावं लागत नाही. सल्ला देत नाहीत, त्यामुळे तो न पाळल्याची बोच नाही. भाषा येत नाही हे तर वरदानच. मेंदूचे स्कॅन करणाऱ्या जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांना विजेच्या सौम्य झटक्याची धास्ती दाखवून पाहिलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सर्वांत कमी झाली, पण अनोळखी माणसाचा हात धरूनही थोडीफार कमी झालीच. कुणी एक शब्द बोललं नव्हतं. ‘कुणीतरी आहे’ एवढं शरीराला समजायला वाक्यं लागत नाहीत. नणंदेच्या फोनने डोकं का ठणकतं, तेही आता वेगळं सांगायला नको. ती विचारपूस करते तेव्हा तुम्ही अहवाल देत असता.

तुमच्यात खोट नाही. तुमची मदत घेण्याची तऱ्हा वेगळी आहे, आणि सगळे तुम्हाला दुसऱ्याच तऱ्हेची मदत देऊ करताहेत. आता काय करता येईल ते सांगते, माझ्या मते ज्याची निकड सर्वांत जास्त आहे तिथून.

पहिलं काम रात्रीचं. डॉक्टरांकडे ‘फार ताण आहे’ असं सांगू नका, त्यावर ते पुन्हा तेच वाक्य म्हणतील. दोन आठवडे आई किती वाजता उठली ते लिहून ठेवा आणि तो कागद आईच्या डॉक्टरांसमोर ठेवून म्हणा, ‘मला तीन वर्षांत सलग पाच तास झोप मिळालेली नाही.’ स्मृतिभ्रंशाच्या माणसाचं रात्री उठणं नेहमीच त्या आजाराचं नसतं. कुठेतरी दुखतंय पण सांगता येत नाही, लघवीचा संसर्ग आहे, दिवसा झोप जास्त होतेय, एखाद्या औषधाची वेळ चुकतेय, अशी कारणं असतात आणि त्यांवर इलाज असतो. याच भेटीत रुग्णालयात समाजसेवक आहे का, तेही विचारा. तुमच्या घराला कोणत्या सेवा मिळू शकतात हे सांगणं त्याचं कामच आहे, त्यात उपकार कुणाचेच नाहीत.

मग भाऊ. इथे मी जरा कडक होते. तुम्ही त्याच्याकडे मदत मागायची नाहीच. मदत परक्याकडे मागतात, आई त्याचीही आहे. त्याला काम नेमून द्या, तेही लेखी: ‘आठवड्यातल्या दोन रात्री आईजवळ पगारी माणूस ठेवते आहे. तो खर्च तुझा. आईच्या औषधांचा आणि डॉक्टरांच्या भेटींचा पत्रव्यवहार आजपासून तू सांभाळायचास. आणि वर्षातून दोन आठवडे तू इथे येऊन राहायचंस, तेव्हा मी घरात नसेन.’ यात ‘प्लीज’ नाही आणि ‘जमेल का’ही नाही. लिहिताना हात थरथरेल, पाठवल्यावर कदाचित त्याच्याकडून सुटकेचा निःश्वासच ऐकू येईल. काय करावं हे लांबच्या भावांना पुष्कळदा कळत नसतं, म्हणून ते पैसे पाठवत राहतात. नवऱ्याचा उल्लेख तुमच्या पत्रात पहिल्या परिच्छेदानंतर पुन्हा नाही. त्याबद्दल मी काही गृहीत धरत नाही, पण रात्रींच्या वाटणीत त्यांचं नाव कुठे आहे, हे स्वतःला विचारा.

नणंदेला प्रश्नांऐवजी काम द्या. ‘संध्याकाळी आई फार अस्वस्थ होते. तुम्ही व्हिडिओवर तिच्याशी वीस मिनिटं जुन्या गप्पा मारा, गाणी म्हणा, तेवढ्यात माझी आंघोळ होते.’ फोन तोच, वेळ तीच, फक्त तो तुमच्याऐवजी आईकडे जाईल. तिलाही बरं वाटेल. आधार देणाऱ्यालाही त्यातून काही मिळत असतं. स्टेफनी ब्राउन यांच्या २००३ च्या अभ्यासात पाच वर्षं वृद्ध जोडप्यांचा पाठपुरावा झाला, तेव्हा इतरांना मदत करणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. मदत नुसती मिळत असणाऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही.

त्या गोल बैठकीला जायलाच हवं असं नाही. गेलात तर आधीच सांगून ठेवा की मी फक्त ऐकणार. बोलून मोकळं होण्याचेही नाना प्रकार असतात. झिंबाब्वेत हरारेच्या दवाखान्यांच्या आवारात डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने लाकडी बाक मांडले आणि त्यांवर प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसवल्या. तिथले लोक ‘नैराश्य’ म्हणत नाहीत, ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे अति विचार. आजी काही तुमचा भूतकाळ उकरत नाही. समोर प्रश्नांचा ढीग असला तर त्यातला एक निवडायचा, त्यावर या आठवड्यात काय करता येईल ते दोघींनी मिळून ठरवायचं. ५७३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर बाकावर आलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. गोल बैठक तुम्हाला मानवली नाही, पण असं एका माणसासोबत, एका प्रश्नावर बोलणं कदाचित मानवेल. समुपदेशकाकडे जाऊन ‘मला फक्त रात्रीच्या झोपेवर बोलायचंय’ असं सांगायला काहीच हरकत नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्या तऱ्हेचं कौतुक मी करणार नाही. दिवसेंदिवस कशातच जीव रमेनासा झाला, सगळं संपवावंसं वाटू लागलं किंवा आईवर हात उगारला जाईल अशी भीती वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना तोंडाने, स्पष्ट शब्दांत सांगायचं. तिथे भीड नको.

राहिल्या शेजारच्या बाई. त्यांचं येणं आज ‘कधी कधी’ आहे, ते वारावर आणा, म्हणजे तुमच्या शरीरालाही कळेल की मंगळवारी दुपारी पहारा बदलतो. मिंधेपण आड येईल, तर त्यांचंही काहीतरी तुम्ही करा: कागदपत्रं भरून द्या, फोनमधलं काही अडलं तर सोडवून द्या, त्यांची कुंडी रिकामी असेल तर रोप लावून द्या. त्यांच्या भाषेतलं एक वाक्य शिका, ‘मंगळवारी पुन्हा याल?’ एवढंच. आणि त्या आल्या की भांड्यांना हात लावू नका. आत जा, दार लोटून घ्या आणि झोपा.